पेंढ्याची गोष्ट आणि चार उंबरठे

पुण्यातल्या एका कॉलेजात मी पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली निदान बारा वर्षं, दर जुलैत, एक खोटी गोष्ट अगदी ठसक्यात सांगितली. खोटी आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण त्यानं ती खरी होत नाही. गोष्ट थ्रेशोल्ड या शब्दाची. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. जुन्या काळी इंग्लंडात घराची जमीन मातीची नाहीतर दगडाची असे, थंडीत ती निसरडी होई, म्हणून तिच्यावर पेंढा पसरत. दार उघडलं की पेंढा बाहेर सांडे, म्हणून तो अडवायला दारात एक फळी ठोकत. पेंढा धरून ठेवणारी फळी ती थ्रेशोल्ड. मुलं वह्यांत लिहून घेत, पहिल्या बाकावरच्या मुली "अय्या, खरंच?" म्हणत, आणि मला वाटे, चला, आजचा तास सार्थकी लागला.

ती गोष्ट खोटी असावी अशी पहिली शंका काढली कोबेतल्या एका निवृत्त सुतारानं. त्यांना इंग्रजीची धड दहा वाक्यं येत नव्हती. ते आमचे घरमालक होते.

आम्ही जपानात आलो ते नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे. आधी तोक्योत, तोयोसूला, पाण्याकाठच्या एका टॉवरमध्ये सव्विसाव्या मजल्यावर राहत होतो. २०११च्या भूकंपाच्या वेळी मी घरात एकटी होते. इमारत एवढा वेळ डोलत राहिली, की मी जेवणाच्या टेबलाखाली बसून रामरक्षा दोनदा म्हणून संपवली. बाहेर आले तेव्हा हातात पोळपाट होता. तो मी का उचलला होता हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे बँकेनं काही माणसं ओसाकाला हलवली, त्यांत नवऱ्याचा नंबर लागला, आणि मी अट घातली: आता राहायचं ते जमिनीवर. घर लांब असलं तर तो रोज ट्रेननं ओसाकाला जाईल, पण मी जिन्याची एक पायरीसुद्धा चढणार नाही.

असं आम्हाला कोबेतलं ते लाकडी घर सापडलं. स्टेशनापासून पंधरा मिनिटांचा चढ. पुढच्या भागात मालक आणि त्यांची बायको, मागच्या दोन खोल्या भाड्यानं, मध्ये एकच भिंत. मालकांना ओयासान म्हणायचं, म्हणजे घरमालकच, पण आदरानं. घर त्यांनी लग्नाच्या वेळी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. कोबेच्या १९९५च्या भूकंपातून ते तगलं होतं, आणि ईशान्येकडचा हा नवा भूकंप झाल्यावर ओयासाननी पुन्हा एकदा खांबन् खांब ठोकून पाहिला होता.

घर बघायला गेलो तेव्हाच एक गंमत झाली. आतल्या खोल्यांना सरकती दारं, आणि प्रत्येक दाराखाली दोन बोटं उंच, खाचा पाडलेला उंबरठा. त्याला शिकिई म्हणतात. मी सवयीनं पाय उचलून तो ओलांडला. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही, शिंकायचं नाही, हिरण्यकश्यपूचा कोथळा तिथेच काढला, हे आम्हाला बाळकडूच. माझा नवरा मात्र मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. त्यानं अख्खं पाऊल उंबरठ्यावर ठेवलं आणि तिथेच उभा राहून "व्हेंटिलेशन चांगलं आहे" म्हणाला. ओयासान दचकले. मग त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या, आणि घराविषयीचं सगळं बोलणं फक्त माझ्याशी केलं.

नंतर कळलं, की जपानी घरांतही तोच नियम आहे. शिकिईवर पाय म्हणजे घरच्या कर्त्याच्या डोक्यावर पाय. शिवाय सुतारी कारण वेगळं: वजनानं लाकूड दबतं, खाचा बिघडतात, दार कुरकुरतं. ओयासानना कुरकुरणाऱ्या दारांचा मनस्वी तिटकारा होता. त्यांची दारं एका बोटानं सरकत आणि आवाज म्हणून येत नसे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मनातल्या मनात काकू म्हणायचे, दर वर्षअखेरीला गुडघ्यांवर बसून मेणबत्तीचे तुकडे खाचांत घासत. त्यांच्या भागात असे चार उंबरठे होते, चेरीच्या लाकडाचे.

तिसऱ्या वर्षी शरद ऋतूत काकू अंगणातल्या झाडाची पर्सिमनची फळं काढताना स्टुलावरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग चालायला शिकवणाऱ्या वेगळ्या हॉस्पिटलात त्यांना हलवलं. तिथे भेटायची वेळ दुपारी तीनची. सकाळभर ओयासान घरात एकटेच, आणि त्या माणसाला चहासुद्धा करता येत नसे. काकूंनी पलंगावरून हुकूम सोडला: मागच्या सेन्सेइंच्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसा.

सेन्सेइ म्हणजे शिक्षिका, म्हणजे मी. वस्तीतल्या सभागृहात बुधवारी सकाळी मी ज्येष्ठ मंडळींना इंग्रजी संभाषण शिकवायचे. वर्गातली सर्वांत धाकटी विद्यार्थिनी अडुसष्ट वर्षांची होती. त्या महिन्यात विषय होता घर. भिंत झाली, छप्पर झालं, आणि एका बुधवारी मी फळ्यावर थ्रेशोल्ड लिहिलं. सगळ्यांना कळावं म्हणून शेजारी शिकिईचं चित्र काढलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत माझी हुकमी गोष्ट सुरू केली. पेंढा, फळी, सगळं. आजीबाई "हेऽऽ" करून चकित झाल्या. ओयासाननी हात वर केला.

"सेन्सेइ, पेंढा किती जाड?"

"वीतभर," मी ठोकून दिलं.

"म्हणजे फळी वीतभर उंच."

"हो."

"घराच्या दारात वीतभर उंच फळी. आणि घरातली बाई उकळतं भांडं घेऊन ये-जा करणार. एका हिवाळ्यात किती बायका भाजत असतील?"

वर्ग हसला. मी म्हटलं, तेव्हा लोकांना सवय असेल. ओयासाननी पुन्हा हात वर केला.

"ओला पेंढा फळीला टेकून राहणार. फळी दोन वर्षांत कुजेल. दर दोन वर्षांनी दाराचं लाकूड बदलायचं? तुमच्या त्या देशातले सुतार अगदीच शिकाऊ होते का?"

"तो माझा देश नाही," मी म्हणाले, जरा जोरातच.

घरी आले ती फणफणतच. पंधरा वर्षं नोकरी केली, एकाही विद्यार्थ्यानं कधी पेंढ्याची जाडी विचारली नव्हती. नवरा म्हणाला, "अगं, इट्स जस्ट अ वर्ड. चेक कर आणि सोडून दे." जस्ट अ वर्ड म्हणे. त्या वाक्याबद्दल मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी ट्रेन पकडून ओसाकाच्या मोठ्या ग्रंथालयात गेले आणि इंग्रजीच्या थोरल्या शब्दकोशाचा खंड दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला. मनात पक्कं होतं, की याची झेरॉक्स काढायची आणि बुधवारी म्हाताऱ्याच्या हातात ठेवायची.

त्यात पेंढ्याची एक काडीसुद्धा नव्हती. शब्द फार जुना, हजार वर्षांहून जुना. पूर्वीचे लोक तो हव्या त्या स्पेलिंगनं लिहायचे, कारण त्याचा मूळ अर्थ त्यांनाही उमगत नव्हता. पहिला अर्धा भाग मळणीच्या शब्दाचा सख्खा नातलग, आणि मळणीच्या त्या शब्दाचा आणखी जुना अर्थ पाय आपटणं, तुडवणं. आपल्याकडे खळ्यावर मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैल फिरवून कणसं तुडवायचे, तेच तुडवणं. म्हणजे थ्रेशोल्ड ही पाय देण्याची जागा. आणि शब्दाचा दुसरा अर्धा भाग? तो कुठून आला हे कुणालाही माहीत नाही. एवढा थोरला कोश, आणि त्यानं सरळ हात वर केले होते.

मी खंड मिटला. बारा वर्षांतली सगळी मुलं डोळ्यांपुढून गेली. त्यांतली काही आता स्वतः शिकवत असतील, आणि दर जुलैत पेंढा पसरत असतील.

झेरॉक्स काढली नाही. पुढचा आठवडाभर मी ओयासानना चुकवलं. वस्तीतला कचरा नीट वेगळा केलाय का ते रोज तपासत; मंगळवारी ते यायच्या आत प्लॅस्टिकचा कचरा ठेवून पळत आले. बाहेर जाताना मागच्या बोळानं गेले. बुधवारी सर्दी झाल्याचं कळवून वर्गच रद्द केला. बारा वर्षं खोटं सांगताना जी लाज वाटली नाही, ती एका सुतारासमोर खरं सांगताना वाटत होती.

शेवटी त्यांच्याच दारातून मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज आला म्हणून मला जावं लागलं. आत गळ्यात टेप घातलेली एक तरुण बाई होती, केअर मॅनेजर. म्हाताऱ्या माणसांची घरी काय सोय करायची ते ठरवणारी. तिनं चारही उंबरठ्यांवर लाल चिकटपट्ट्या लावल्या होत्या. ती मला बघून हायसं वाटल्यासारखी बोलू लागली. काकूंना दोन आठवड्यांत हॉस्पिटलातून सोडणार. वॉकर घेऊन चालतील. पुढच्या दारातल्या उंच पायरीला कठडा आणि पाट लावायला ओयासान एका पायावर तयार आहेत. पण आतले चार उंबरठे कापून जमीन सपाट करायची, तर त्याला नाही म्हणतात. दोन्ही बाजूंनी उताराच्या फळ्या लावून उंबरठा तसाच ठेवू म्हटलं, तर त्यालाही नाहीच. आणि उंबरठ्यांचं काही केलं नाही, तर काकूंना घरी पाठवता येणार नाही, एखाद्या संस्थेत जागा बघावी लागेल.

"उतार लावला तरी मधल्या लाकडावर पाय पडणारच," ओयासान म्हणाले. "ती देणार नाही. पन्नास वर्षांत एकदा दिलेला नाही. नातवंडांनी दिला तर चापट मारायची."

केअर मॅनेजर पुन्हा येते म्हणून गेली. ओयासान खाली बसले, खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि लाल पट्टीच्या शेजारून खाच घासू लागले. मी उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गोष्ट खोटी होती, तुमचं बरोबर होतं, पेंढा नाही, फळी नाही. मग खरं काय ते सांगितलं.

त्यांनी घासायचं थांबवलं. "अर्धा शब्द माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

"हे पटतं," ते म्हणाले. "जुनं घर उघडलं की नेहमी एखादं लाकूड निघतं, ते तिथे का बसवलंय ते कळतच नाही." मग, "आणि उरलेला अर्धा पाय देण्याचा?"

"तुडवण्याचा. पाय आपटण्याचा."

ते स्वतःशीच हसले. लहानपणी त्यांच्या खेड्यातल्या घरात दारालगतच्या मातीच्या जमिनीवर दोर वळण्यासाठी पेंढा कुटायचे, दारापाशी उजेड असतो म्हणून. म्हणजे पेंढा अगदीच नव्हता असं नाही, ते मला म्हणाले, आणि एवढी मोठी चूक करूनही मला जरा बरं वाटलं.

"काकूंना विचारलंत का?" मी म्हटलं. "उंबरठ्यांचं?"

त्यांनी खाचेतला मेणाचा चुरा बोटानं झटकला. मग म्हणाले, "विचारलं की ती म्हणेल, राहू द्या उंबरठे, मी संस्थेत जाते. ती तशीच आहे. म्हणून विचारत नाही." मेणबत्तीचा तुकडा त्यांनी खिशात टाकला. "दारं आता इतकी छान सरकतात. आणि सरकवणारं कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेले.

काकू खिडकीशी बसून विणत होत्या. ओयासाननी हवेच्या गप्पा मारल्या, अंगणाच्या मारल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी उंबरठ्यांची गोष्ट काढली. आणि काकू विणकामावरची नजरसुद्धा न हलवता म्हणाल्या, "कापू नका हं ते. मी बघते ना कुठेतरी. संस्थेतही हल्ली छान असतं म्हणे." ओयासान पुन्हा हवेच्या गप्पांवर आले. मला आला राग. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही, आणि दोघेही लाकडाच्या आडून बोलतायत!

"अहो, इंग्रजीत त्याचं नावच पाय आपटण्यावरून पडलंय!" मी म्हणाले, एवढ्या जोरात की शेजारच्या पलंगावरच्या आजी उठून बसल्या. "हजार वर्षं लोक त्याच्यावर पाय देतायत आणि त्यांची घरं उभी आहेत! आणि आमच्याकडे उंबरठ्याची पूजा करतात, रोज रांगोळी काढतात, पण नवी नवरी घरात येते तेव्हा तिथे तांदळानं भरलेलं माप ठेवतात आणि तिला ते पायानं लवंडायला सांगतात. पायानं! तांदूळ! कारण त्या दिवशी ती आत येणं महत्त्वाचं असतं, बाकीचं नंतर!"

हे सगळं मी भयंकर जपानीत बोलले. तांदळाच्या मापाला शब्द सुचेना म्हणून हातांनी दाखवलं. मग काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"कुठल्या पायानं?"

"उजव्या."

"नेमका तोच मोडलाय," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की सुई खाली पडली. ओयासाननी ती उचलून दिली. मग त्यांच्याकडे वळून त्या हळूच बोलल्या, पण मला ऐकू आलं. "तुम्हाला मी घरी यायला हवी आहे का?"

पन्नास वर्षांचा संसार, आणि त्या माणसाचे कान लाल झाले. "हो," ते म्हणाले.

पुढचे दहा दिवस भिंतीपलीकडून करवतीचा आणि रंध्याचा आवाज येत होता. रबराच्या तयार उतारफळ्या त्यांनी हातही न लावता परत पाठवल्या. घर बांधताना उरलेलं चेरीचं लाकूड छपरीत ठेवलं होतं, त्याचे आठ उतार केले, प्रत्येक उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी एकेक. मधली खाचांची पट्टी तेवढी उघडी राहिली, कारण दार तिच्यातूनच सरकणार. केअर मॅनेजरनं बोट फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. फक्त एक गोष्ट तिनं बजावली: मेण बंद. पाय घसरेल. ओयासाननी खिशातला मेणबत्तीचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. मी तर पाहतच राहिले.

काकू आल्या तो शनिवार होता, म्हणून नवराही घरी होता. मी त्याला ताकीद दिली होती, की आज तरी पाय सांभाळ. पुढची पायरी कठड्याला धरून काकू चढल्या. वॉकर घेऊन घरातल्या बोळातून आल्या आणि पहिल्या उंबरठ्यापाशी थांबल्या. वॉकर उतारावरून पुढे सरकवला. आता पाऊल. ओयासान खोलीच्या आत उभे होते, त्यांनी मान वळवून अंगणाकडे पाहिलं. काकूंनी उजवा पाय उचलला, उंबरठ्याच्या बरोब्बर मधोमध ठेवला, आणि क्षणभर तशाच राहिल्या. मग पाय पुन्हा थोडासा उचलून खाली आपटला. ठप.

"तुमचं डोकं दुखलं का?" त्यांनी ओयासानना विचारलं.

"नाही," ओयासान अंगणाकडे बघतच म्हणाले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, आणि माझ्या नवऱ्यानं माझा हात धरला. त्याला कोणीतरी एवढं सांगायला हवं होतं, की आम्ही पुण्याच्या बायका रडत नाही. पण मी रडतच होते, त्यामुळे नाही सांगितलं.

नंतरच्या बुधवारी वर्गात मी फळ्यावर खरा अर्थ लिहिला. अर्धाच. दुसऱ्या अर्ध्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. पुण्यातल्या ज्या विद्यार्थ्यांचे ईमेल सापडले त्यांनाही कळवलं, तिघांनी उत्तर दिलं, त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, पण पेंढ्याचीच गोष्ट छान होती." आता उंबरठा हा शब्द उंबराच्या लाकडावरून आला असंही सांगतात. मी तेसुद्धा हल्ली 'म्हणतात' लावूनच सांगते.

मेण बंद झालं, वरून रोज वॉकर आणि पाऊल, त्यामुळे त्या हिवाळ्यात दारं बिघडली. पलीकडची चारही दारं कुरकुरू लागली. आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. सकाळी सहाला पहिलं दार, कुर्रर्र, मग ठप. मग स्वयंपाकघराचं. आवाज इतका कर्कश, की एकदा माझा नवरा त्यांना म्हणाला, खाचेत थोडा स्प्रे मारला तर? पाय लागतो ते लाकूड कोरडंच राहील.

ओयासाननी बोट वर करून त्याला थांबवलं. आत कुठलंसं दार कुरकुरलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आली ती."